दोन साथी आणि एक नळ

कोरोनात आपण सगळ्यांनी ऐकलं, हात धुवा, अंतर ठेवा. पण एका खोलीत आठ माणसं आणि नळाला थोडाच वेळ पाणी, तिथे बाईने हे कसं करायचं? मुंबईपुढे हा प्रश्न पहिल्यांदा आला नव्हता.

सप्टेंबर १८९६. गोदीजवळच्या मांडवी भागात धान्याची गोदामं आणि दाटीची घरं. तिथे ताप आणि जांघेत गाठ येऊन माणसं मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, हा प्लेग आहे. रोग घाणीतून येतो असं सरकारला वाटलं. गटारं धुतली, औषध ओतलं, उजेड यावा म्हणून घरांची कौलं काढली. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात, हे पुढे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना ओढून नेलं जाऊ लागलं. त्या धाकाने लोक आजारी माणूस लपवू लागले. लाखो लोक शहर सोडून गेले. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या.

साथीनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रस्ते रुंद झाले. पण सुरुवातीच्या वर्षांत घरं पाडली जास्त, बांधली कमी. गरिबाची दाटी हटली नाही, फक्त जागा बदलली.

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसं, आणि बहुतेकांचा संडास सार्वजनिक. घरात बसा म्हटलं तरी संडासाच्या रांगेत उभं राहावंच लागे. तेव्हा पालिकेने संडास वरचेवर धुतले, घरोघर तपासणी केली, शाळांत विलगीकरण केलं, जेवण पोचवलं. वस्तीतल्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी साथ दिली. जुलैपर्यंत रुग्ण बरेच कमी झाले. कायदा तोच १८९७ चा होता, पण पोटाला अन्न आणि ओळखीचा माणूस दारात असला, की आजार लपवावासा वाटत नाही.

साथ ओसरली, तरी रांग राहिली. हंडा भरणारी, अंधारात संडासाला जाणारी बाईच असते. म्हणून आम्हाला वाटतं, पाण्याचा आणि संडासाचा विषय साथ येण्याआधीच ग्रामसभेत मांडायला हवा. आपल्या गावात किती घरांना नळ आहे, शाळेच्या संडासात पाणी आहे का, हे या महिन्याच्या बचतगटाच्या बैठकीत मोजा. मोजलेलं कागदावर लिहा आणि तो कागद ग्रामसभेत ठेवा.