एका खेळाचे पाठभेद

माहूर आमच्या किनवटच्या शेजारी. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयांचे ते स्थान. त्यामुळे वर्गात 'लीळाचरित्र' शिकवताना आपण दूरच्या ग्रंथाविषयी बोलत आहोत असे आम्हांला वाटत नाही. मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी लीळा आठवून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. पाठभेदांचा विषय निघाला की विद्यार्थी विचारतात : पुन्हा लिहिणारा हा लेखक की नुसता लेखनिक? या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांला अनपेक्षित ठिकाणी, एका व्हिडिओ गेमच्या इतिहासात सापडले.

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. अकरा-अकरांच्या पाच रांगा, असे पंचावन्न परग्रहवासी डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात. तळाची एकच तोफ त्यांना टिपते. शत्रू घटतात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो आणि खेळणाऱ्याची धडधडही. ही वेगवृद्धी मूळ संकल्पात नव्हती. दुबळ्या यंत्राला पंचावन्न आकृत्या हलवायला वेळ लागे. त्या कमी झाल्या की काम झपाट्याने उरके. निशिकादोंनी ही उणीव ओळखली आणि राहू दिली. यंत्राच्या मर्यादेतून रस निर्माण झाला.

पुढे हा खेळ ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर गेला. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षांत साधा कॅल्क्युलेटरही सहसा चालत नाही. अमेरिकेत मात्र आलेख काढणारे हे यंत्र शाळकरी मुलांच्या दप्तरात असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९९२ च्या टीआय-८५ वर यंत्रभाषेत लिहिण्याची सोय कंपनीने ठेवली नव्हती. १९९४ च्या सुमारास हौशी मंडळींनी स्मृतीच्या बॅकअपमधून चोरवाट काढली. मग अवकाशयुद्धाचे जुने खेळ नव्याने लिहिले जाऊ लागले आणि केबलने एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ लागले. परीक्षेपूर्वी शिक्षक स्मृती पुसायला लावीत. पुसलेला खेळ मित्राच्या यंत्रातून परत येई.

हे पुनर्लेखन कसे होते, ते १९९९ च्या टीआय-८३ प्लसवरून पाहू. मूळ खेळ ८०८० प्रोसेसरवर चाले. या यंत्रातल्या झेड-८० ला त्याच्या आज्ञा कळतात. म्हणजे भाषा जवळपास तीच. पान मात्र निराळे. मूळ पडदा २२४ बाय २५६ ठिपक्यांचा, हा अवघा ९६ बाय ६४ चा. आठ ठिपके रुंदीचे अकरा शत्रू ओळीने मांडले तर ८८ ठिपके भरतात. सरकायला आठच उरतात. म्हणून शत्रू कमी करायचे की लहान, हे पुनर्लेखकाला ठरवावे लागते. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. मूळ यंत्राची गती २ मेगाहर्ट्झ, याची ६. जी वेगवृद्धी तिथे आपोआप घडली, ती इथे मुद्दाम लिहावी लागते. मूळचा अपघात नव्या पाठात हेतू होतो. इथे लेखनिक लेखक झाला, असे आम्ही म्हणू.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तिची उकल केली. कॅल्क्युलेटरलाही कुलूप होते. यंत्राची मूळ प्रणाली बदलता येऊ नये म्हणून कंपनीने ५१२ बिटांची किल्ली वापरली होती. २००९ साली हौशी लोकांनी ती गणिताने शोधली, तेव्हा कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या. दोन्ही कुलपे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. सकळ लिपी हे ग्रंथ जपणाऱ्यांनीच घातलेले कुलूप होते. इथे यंत्र विकणाऱ्याने ते विकत घेणाऱ्याच्या हाताला घातले होते.

या हौशी पुनर्लेखनातून पैसा क्वचितच मिळाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असे यंत्र हाताळलेले नाही. तरीही पाठचिकित्सेच्या तासाला हे उदाहरण आम्ही फळ्यावर मांडतो आणि त्यांना एवढेच विचारतो : पान लहान झाले, तर तुम्ही काय गाळाल, आणि काय गाळणार नाही?