भूदासाचा नातू : अंतोन चेखव

चेखव म्हटले की प्रस्थापित समीक्षकांची विशेषणे ठरलेली असतात. हळवा, उदास, अलिप्त, राजकारणापासून चार हात दूर राहिलेला कलावंत, मावळत्या जुन्या जगासाठी हळहळणारा. हे चित्र नुसते अपुरे नाही, दिशाभूल करणारे आहे. कारण ते काढताना एक साधी गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली जाते. चेखव भूदासाचा नातू होता.

भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला माणूस. त्याला विकणे, फटके मारणे, त्याचे लग्न ठरवणे, त्याला सैन्यात धाडणे, सगळे मालकाच्या मर्जीवर. रशियात जमीनदाराची श्रीमंती किती जमीन यावर नव्हे, तर किती 'आत्मे' मालकीचे यावर मोजली जाई. चेखवचे आजोबा येगोर हे चेर्तकोव्ह नावाच्या जमीनदार घराण्याचे असेच मोजलेले आत्मे. त्यांनी पै पै साठवली आणि १८४१ मध्ये साडेतीन हजार रूबल मोजून स्वतःला, बायकोला आणि मुलांना विकत घेतले. मुलीसाठी पैसे पुरले नाहीत. मालकाने तिला तशीच सोडून दिली, भाजीवर कोथिंबिरीची काडी टाकावी तशी. भूदासप्रथा कायद्याने संपली ती त्यानंतर वीस वर्षांनी, १८६१ मध्ये. अंतोनचा जन्म १८६० चा, तागानरोगचा.

पण कागदावर सुटलेला माणूस मनाने सुटतोच असे नाही. अंतोनचे वडील पावेल किराणा दुकानदार झाले, चर्चमध्ये भजनमंडळ चालवू लागले आणि आपण खाल्लेला मार पोरांना देऊ लागले. १८७६ मध्ये दुकान बुडाले, वडील सावकारांना चुकवून मॉस्कोला पळाले. सोळा वर्षांचा अंतोन मागे एकटा राहिला, शिकवण्या करून शिकला. पुढे मॉस्कोत डॉक्टर झाला आणि विनोदी मासिकांत रतीब घालून घर चालवू लागला.

१८८९ मध्ये सुवोरिन या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने एका कथेचा विषय सुचवला. नायक भूदासाचा वंशज, दुकानातला पोऱ्या. वरच्यांपुढे वाकायला, पाद्र्यांचे हात चुंबायला, प्रत्येक घासाबद्दल आभार मानायला शिकवलेला, अनेकदा चोपलेला. हा तरुण आपल्यातला गुलाम थेंबाथेंबाने कसा पिळून काढतो आणि एका सकाळी आपल्या अंगात माणसाचे रक्त आहे हे त्याला कसे जाणवते, ते लिहा. ही अर्थातच चेखवची स्वतःचीच कहाणी. उमराव लेखकांना जे जन्मतः फुकट मिळते, ते खालून आलेल्याला तारुण्य मोजून घ्यावे लागते, हेही त्याने तिथेच सुनावले. अलिप्त माणूस असे लिहीत नाही.

आणि अलिप्त माणूस साखालिनलाही जात नाही. १८९० मध्ये, थुंकीतून रक्त पडत असताना, रेल्वे नसलेला सायबेरिया घोडागाडीने आणि बोटीने ओलांडून तो या काळ्या पाण्याच्या बेटावर पोहोचला. तीन महिने राहिला, घरोघर फिरला आणि सुमारे दहा हजार कैद्यांची व वसाहतकऱ्यांची माहिती कार्डांवर नोंदवली. राजकीय कैद्यांना भेटायला सरकारने मनाई केली होती. नव्वद फटक्यांची शिक्षा त्याने डोळ्यांनी पाहिली आणि पुस्तकात कोरड्या, मोजक्या शब्दांत मांडली. मूळच्या गिल्याक आणि आइनू लोकांचे काय चालले आहे तेही नोंदवले. परतल्यावर तिथल्या शाळांसाठी दोन हजारांहून अधिक पुस्तके पाठवली. लेखक म्हणून नाव झालेले असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे त्याच्या मित्रांनाही वाटत होते.

१८९२ मध्ये त्याने मेलिखोवो येथे जमीन घेतली. कॉलऱ्याच्या साथीत पंचवीस गावांचे काम बिनपगारी पत्करले. परिसरात तीन शाळा उभारल्या. याच अनुभवातून १८९७ मध्ये 'शेतकरी' ही कथा आली. दारिद्र्य, दारू, बायकांना होणारी मारहाण, करवसुलीत उचलून नेलेला समोवार, सगळे त्यात आले. सेन्सॉरने एक पान काढायला लावले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती टॉलस्टॉयची प्रतिक्रिया. त्यांच्या मते ही कथा म्हणजे जनतेविरुद्धचे पाप होते, चेखवला जनता ठाऊकच नव्हती. म्हणजे बघा, शेकडो भूदासांच्या मालकांच्या घरात जन्मलेला उमराव भूदासाच्या नातवाला सांगतो की तुला जनता माहीत नाही!

टॉलस्टॉयचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. चेखवचेही त्यांच्यावर प्रेम होते, काही वर्षे त्यांच्या विचारांचा पगडाही होता. पण १८९४ मध्येच त्याने तो झुगारल्याचे लिहून ठेवले होते. माझ्यात शेतकऱ्याचे रक्त आहे, शेतकऱ्याच्या सद्गुणांनी मला दिपवू नका, असा त्याचा रोख. प्रगतीवरचा त्याचा विश्वास लहानपणापासूनचा, कारण मार खाण्याचे दिवस आणि मार थांबल्यानंतरचे दिवस यांतला फरक त्याच्या पाठीला कळलेला. वाफ आणि वीज यांत त्याला ब्रह्मचर्यापेक्षा आणि शाकाहारापेक्षा अधिक माणुसकी दिसत होती. गरिबीचे गोडवे गाणे ज्याला परवडते तो बहुधा गरीब नसतो.

चेखवचे सगळेच स्वीकारावे असेही नाही. सुवोरिनच्या प्रतिगामी, ज्यूद्वेष्ट्या वर्तमानपत्रात तो बराच काळ लिहीत होता. १८९८ मध्ये ड्रेफस प्रकरणात मात्र तो झोलाच्या बाजूने उभा राहिला आणि सुवोरिनशी त्याचे बिनसले. १९०२ मध्ये झारच्या नाराजीमुळे गॉर्कीची अकादमीतली निवड रद्द झाली, तेव्हा कोरोलेन्को आणि चेखव या दोघांनी आपली सदस्यत्वे परत केली.

शेवटचे नाटक 'चेरीची बाग' जानेवारी १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरमध्ये झाले. जमीनदारीणबाईंची बाग लिलावात निघते आणि ती विकत घेतो लोपाखिन. त्याचे बाप-आजे त्याच वाड्यातले भूदास, स्वयंपाकघरातही पाऊल टाकायची त्यांना परवानगी नव्हती. दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने याची शोकांतिका केली. चेखव सांगत राहिला की ही विनोदिका आहे. लोपाखिनची भूमिका स्तानिस्लाव्हस्कीने स्वतः करावी, त्याला आरडाओरड करणारा धटिंगण व्यापारी करू नये, तो सभ्य माणूस आहे, असा त्याचा आग्रह होता. स्तानिस्लाव्हस्कीने घेतली ती जमीनदारीणबाईंच्या भावाची, गायेव्हची भूमिका. त्याच नाटकात म्हातारा नोकर फिर्स आहे. मुक्तीच्या कायद्याला तो 'अरिष्ट' म्हणतो, मिळालेले स्वातंत्र्य न घेता मालकांपाशीच राहिलेला. शेवटी मालक गाडीत बसून निघून जातात आणि आजारी फिर्स बंद वाड्यात राहून जातो. त्याला इस्पितळात पोहोचवले असेल, असे प्रत्येकाने धरलेले असते.