जात्याजवळची सृष्टी

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. साहित्याविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही; पण मंडळातील मैत्रिणींनी आग्रह केला, म्हणून चार शब्द लिहिते.

साहित्यातील निसर्ग म्हटला की चांदणे, फुले, कोकिळा हे डोळ्यांपुढे येते. असे निवांत बसून पाहणे बाईमाणसाला कुठले? तिला पाऊस, पाखरू, नदी दिसते ती काम करता करता. आणि तसे पाहूनही थोर साहित्य निर्माण होते, याची साक्ष आपल्याच गोदाकाठी आहे.

गोदावरी पैठणहून आपल्या जिल्ह्यात येते. पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाने महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथा एकत्र केल्या, असे परंपरा सांगते. हीच गाथासप्तशती. स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली मराठीत आणली. तीत राजवाड्यापेक्षा खेडे अधिक आहे. कापसाचे शेत आहे, गोदेचा काठ आहे, आणि आभाळात ढग दाटले की परगावी गेलेल्या धन्याची वाट पाहणारी बाईही आहे.

पुढे याच गोदाकाठी, गंगाखेडला, संत जनाबाई जन्मल्या. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या आणि दळण, कांडण, शेणगोवऱ्या यांत त्यांचा जन्म गेला. त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगात पाखरू पिलांच्या चाऱ्यासाठी दूर उडून जाते, घार आभाळात हिंडते आणि पिलांपाशी झेप घेते, वानरी पिलू पोटाशी धरून झाडावरून झाडावर जाते. भगिनींनो, हे पाहणे आईचे आहे. रानात खुरपताना झोळीतल्या बाळाकडे जिचे लक्ष असते, तिला घार परकी कशी वाटेल? जनाबाईंची सृष्टी म्हणजे नुसती शोभा नव्हे. ती आपल्यासारखीच राबणारी, लेकरांसाठी जीव टाकणारी आहे.

हाच धागा जात्यावरच्या ओव्यांत आला. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत.

पण माझ्या आईच्या ओव्या त्यांत नाहीत. माझ्या लहानपणी गावात गिरणी आली होती. तरी वीज गेली की आई पहाटे जात्यावर बसे. तिच्या ओवीतला पाऊस म्हणजे बहिणीकडे उशिरा येणारा भाऊ. ती त्याच्यावर रुसे आणि पुन्हा पाटही मांडून ठेवी. माझ्या दप्तरात वही होती, पेन्सिल होती; पण हे लिहून ठेवण्याजोगे आहे असे मला कधी वाटलेच नाही. आता आई नाही. दोन-तीन ओव्या आठवतात, त्याही अर्ध्या.

गिरणीने आपले हात सोडवले, त्याचे दुःख कोण करील? जाते पुन्हा ओढा, असे मी म्हणत नाही. पण जात्याबरोबर पावसाला भाऊ म्हणण्याची रीतही गेली, तर नुसता मिलिमीटरात मोजलेला पाऊस उरेल.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी सासू, आई, आजी असेल, त्यांनी दुपारच्या निवांत वेळी वही घेऊन तिच्याजवळ बसावे. पुढच्या स्मरणिकेत दोन पाने त्या ओव्यांसाठी राखू या. माझ्या अर्ध्या ओव्या मी पहिल्या देईन. कुणाला उरलेल्या ओळी ठाऊक असतील, तर त्यांनी त्या पुऱ्या कराव्यात.