कचरा शहराचा, सभा कोणाची? पुणे महापालिका आणि ‘हजेरी’चा इतिहास

१/ कचरा आणि सभा हे महापालिकेतील दोन स्वतंत्र विषय मानले जातात. पहिला घनकचरा विभागाचा, दुसरा नगरसचिव कार्यालयाचा. पुण्याच्या इतिहासात मात्र या दोहोंतून एकच प्रश्न वारंवार डोके वर काढतो : निर्णय होताना सभागृहात हजर कोण असते, आणि त्या निर्णयाचा भार वाहतो कोण? त्या प्रश्नाचा हा मागोवा.

२/ पुणे नगरपालिका १८५७ साली स्थापन झाली. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे तिचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे फुल्यांचे मत होते. विरोधात मत देणारे ते एकटेच होते.

३/ प्रस्ताव अर्थातच संमत झाला. तरीही तो विरोध आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तो सभेत नोंदविला गेला. बहुमताचा निर्णय आणि अल्पमताचा आवाज या दोहोंना इतिहासात जागा मिळते ती सभेमुळे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे, १४० वर्षांनंतर, तो पुन्हा येणार आहे.

४/ १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. तिचा कारभार ज्या १९४९ च्या अधिनियमानुसार चालतो, त्यात दरमहा किमान एक सर्वसाधारण सभा, एक तृतीयांश सभासदांची गणसंख्या आणि लोकांना खुली असलेली सभा अपेक्षित आहे. सभासद एका छताखाली प्रत्यक्ष जमतील, हे कायद्याने गृहीतच धरले होते.

५/ आता कचऱ्याकडे. एके काळी शहराचा कचरा कोथरूडच्या डेपोवर पडे. कोथरूड उपनगर म्हणून वाढले, वस्ती दाटली आणि डेपो तेथून हलला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कचऱ्याच्या गाड्यांची वाट सासवड रस्त्याकडे वळली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत सुमारे १६३ एकरांचा डेपो उभा राहिला.

६/ ही गावे त्या काळी महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. त्यांचा कारभार ग्रामपंचायतीकडे; कचऱ्याचा निर्णय मात्र पुण्याच्या सभागृहात. तेथे त्यांच्या मतांवर निवडून आलेला एकही सभासद नव्हता. विहिरी दूषित झाल्या, दुर्गंधी कायमची झाली. ज्यांना सभेत हात वर करता येत नव्हता, त्यांनी रस्त्यावर गाड्या अडविल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतर तर आंदोलन तीन आठवडे चालले.

७/ सभागृहाबाहेरचा दुसरा गट कचरावेचकांचा. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून आलेली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. मागणी साधी होती : हे काम आहे, हे मान्य करा.

८/ पुढे महापालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली. २००० च्या केंद्रीय नियमांनी ओला-सुका वर्गीकरण आणि दारोदार संकलन बंधनकारक केले. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. आज तिच्यात तीन हजारांहून अधिक सभासद आहेत.

९/ येथे कचरा कमी करण्याचे अर्थकारण समजून घ्यावे. टनावर मोबदला घेणाऱ्या ठेकेदाराला गाडीत जितके वजन अधिक, तितका लाभ अधिक. कचरावेचकाची कमाई मात्र कागद, काच, पत्रा वेगळा काढून विकण्यात असते. एका व्यवस्थेत डेपो वाढतो, दुसरीत घटतो. म्हणून संकलनाचा करार कोणाला द्यायचा, हा वाद केवळ निविदेचा नसतो. उरुळीकरांच्या हवापाण्याचाही असतो.

१०/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महापालिकेच्या विस्तारित इमारतीतील नवे सभागृह जेमतेम दोन वर्षांपूर्वी, जून २०१८ मध्ये खुले झाले होते. ते आता ओस पडले. राज्य शासनाने दूरदृश्य प्रणालीने सभा घेण्यास मुभा दिली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या १६२ नगरसेवकांची सभा पडद्यावर आली.

११/ या सोयीला भक्कम आधार होता : संसर्ग टळतो, निर्णय खोळंबत नाहीत, आजारी सभासदालाही भाग घेता येतो. आक्षेपही तितकेच गंभीर होते. माइक बंद ठेवला तर विरोध नोंदवायचा कसा? सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत उतरून निषेध करण्याची सभागृहातील जुनी रीत पडद्यावर कशी पाळायची? प्रेक्षागृहाचे काय? फुल्यांचे एकाकी मत आठवले, म्हणजे या आक्षेपांचे वजन कळते.

१२/ हा पेच पुण्यापुरता नव्हता. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून स्थानिक संस्थांना दूरस्थ सभांची परवानगी होती. ती मुदत मे २०२१ मध्ये संपत असताना प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९७२ च्या कायद्यातील ‘सभा’ म्हणजे प्रत्यक्ष एकत्र जमणे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

१३/ त्याच सुमारास, २०२० च्या अखेरीस, पुण्यात ‘स्वच्छ’चा करार संपला. तात्पुरत्या मुदतवाढी मिळत गेल्या. काम खासगी ठेकेदारांना द्यावे, असा सूरही उमटला. कचरावेचक महिलांनी महापालिकेसमोर निदर्शने केली. विरोधाभास उघड होता : सभासद सुरक्षिततेसाठी घरून बोलत होते, आणि ज्यांच्याविषयी चर्चा होती त्या महिला महासाथीतही रोज दारोदार जात होत्या. त्यांच्या कामाला दूरस्थ पर्याय नव्हता.

१४/ मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सभा प्रत्यक्ष की पडद्यावर, हा वादच उरला नाही. त्या काळात लोकनियुक्त सभाच नव्हती. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आली खरी, पण २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. डेपोची जमीन तेथेच आहे. पुण्याच्या सभागृहाशी त्या गावांचा संबंध मात्र पुन्हा तुटला.

१५/ तात्पर्य, पडदा हे साधन आहे. त्याने आजारी सभासद सभेत येऊ शकतो, तसा एकटा विरोधक बाहेरही राहू शकतो. उरुळीचे शेतकरी आणि कचरावेचक तर पडदा येण्यापूर्वीच बाहेर होते. स्थानिक स्वराज्याचा इतिहास वाचताना ठरावाचा क्रमांक जरूर पाहावा. पण त्या दिवशी सभेत कोणाला बोलता आले, हेही तपासावे.