तरंगतं शहर आणि आपला सिंकिंग फंड

"जमीन संपली, आता समुद्रावरच घरं बांधा!" गच्चीवरच्या गप्पांत हे वाक्य कुणीतरी टाकतंच. जपानमध्ये एका वास्तुविशारदाने मात्र ते अगदी मनावर घेतलं होतं.

कियोनोरी किकुताके यांचा जन्म १९२८ चा, कुरुमे गावच्या जमीनदार घराण्यातला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कूळकायद्यासारखी जमीन-सुधारणा झाली आणि घराण्याच्या जमिनी गेल्या. इकडे टोकियोत माणसांचे लोंढे येत होते, जागा अपुरी पडत होती. १९५८ मध्ये किकुताके यांनी 'मरीन सिटी'चा आराखडा मांडला : समुद्रावर तरंगणारं शहर, त्यावर उंच मनोरे आणि जुनी झाली की काढून बदलता येणारी घरं. जमीन गेलेल्या घरातल्या मुलाने माणसाने घडवलेल्या जमिनीचं स्वप्न पाहावं, याचं मला फार नवल वाटत नाही.

त्या स्वप्नाचा एक तुकडा प्रत्यक्षात आला. १९७५ च्या ओकिनावा सागरी प्रदर्शनासाठी किकुताके यांनी 'अक्वापोलिस' उभारलं. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि ३२ मीटर उंच असं ते पोलादी बेट होतं. ते तरंगलं, लोकांनी पाहिलं. पण १९९३ मध्ये ते बंद झालं आणि २००० मध्ये ओढून शांघायला नेलं, भंगारात काढायला! तंत्र जमलं होतं. पण तो प्रदर्शनाचा मांडव होता. 'हे माझं घर, याला गंज चढता कामा नये' म्हणणारी बिऱ्हाडं तिथे नव्हती.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. ॲमस्टरडॅमच्या उत्तर भागात एका कालव्यावर 'स्खोनस्खिप' नावाची तरंगती वसाहत आहे. नावाचा अर्थ 'स्वच्छ जहाज'. ही ना सरकारने बांधली, ना बिल्डरने. काही मंडळी एकत्र आली, बैठका घेतल्या, परवानग्या आणि कर्जं मिळवली. त्यात दहाएक वर्षं गेली. आज तिथे ३० तरंगत्या जागांवर ४६ कुटुंबं राहतात. छपरावर सौर पॅनेल आहेत, घरं उबदार ठेवायला कालव्याच्या पाण्यातली उष्णता वापरतात आणि बाहेरच्या वीजजाळ्याशी सगळ्यांची मिळून एकच जोडणी आहे. म्हणजे शेजाऱ्याशी अबोला धरून चालायचं नाही!

४६ कुटुंबांनी लोकसंख्येचा प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. पण मला या इतिहासातून एक गोष्ट पक्की दिसते. जमीन निर्माण करता येते, पाण्यावरसुद्धा. ती टिकवणं मात्र राहणाऱ्यांनाच करावं लागतं.

आपली इमारत तरंगत नाही, पण पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पाहिलं की शंका येते! २५ वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. सिंकिंग फंडही त्यांनीच सांगितला आहे. तरीही वार्षिक सभेत हे दोन विषय निघाले की "पुढच्या वर्षी बघू" हाच ठराव बिनविरोध मंजूर होतो. रौप्यमहोत्सवाच्या आनंदात एवढं करू या. येत्या सभेत ऑडिटचा विषय शेवटी, चहाच्या वेळी नको. पहिला घेऊ या.