लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात : सैनिकी कर्तृत्व आणि नागरी उत्तरदायित्व

प्रास्ताविक :
स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात राजकीय व सामाजिक नेतृत्वाचा विपुल अभ्यास झाला आहे. त्या तुलनेत सेनाधिकाऱ्यांचे कार्य उपेक्षित राहिले. कोल्हापूर परिसरातील वडगाव येथे १९०६ साली जन्मलेले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे याचे ठळक उदाहरण होय. रणांगणावर गौरव मिळविलेल्या या सेनानीने निवृत्तीनंतर नागरी जबाबदारीही सांभाळली. सैनिकाने दिलेला सल्ला आणि त्यावर निर्णय घेणारी नागरी सत्ता यांचे नाते त्यांच्या चरित्रातून कसे उलगडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रणांगणावरील कर्तृत्व :
सँडहर्स्ट येथे प्रशिक्षण घेऊन १९२६ मध्ये थोरात अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये आराकान किनाऱ्यावरील कांगॉ येथे जपानी सैन्याशी घनघोर लढाई झाली. तेथील ५१ व्या भारतीय ब्रिगेडमधील तिन्ही बटालियनचे नेतृत्व के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात या भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. भारतीय अधिकारी मोठ्या तुकडीचे नेतृत्व करू शकत नाहीत, हा वसाहतकालीन समज या लढाईने खोटा ठरविला. तिघांनाही ‘डी. एस. ओ.’ हा सन्मान मिळाला.

कोरियातील कसोटी :
१९५३-५४ मध्ये कोरियातील भारतीय संरक्षक दलाचे प्रमुखपद थोरातांकडे आले. मायदेशी परतण्यास नकार देणारे २२ हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी या दलाच्या ताब्यात होते. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास छावणीत ओलीस धरले. गोळीबार केला असता तर रक्तपात झाला असता आणि भारताची तटस्थताही संशयास्पद ठरली असती. थोरात स्वतः छावणीत गेले आणि कैद्यांशी बोलून त्यांनी अधिकाऱ्याची सुटका करविली. या कामगिरीतील धैर्य शस्त्र न वापरण्याचे होते. त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन (१९६७ पासून कीर्तिचक्र) प्रदान करण्यात आले.

डावलला गेलेला इशारा :
१९५७ ते १९६१ या काळात थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ऑगस्ट १९५९ मधील लोंगजू येथील चकमकीनंतर ईशान्य सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली. ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी या सीमेच्या संरक्षणाची योजना वरिष्ठांकडे पाठविली. सीमेवर केवळ टेहळणीच्या चौक्या ठेवाव्यात आणि जेथे रस्ते व रसद पोहोचू शकते अशा मागील ठाण्यांवर मुख्य संरक्षण उभारावे, हे तिचे सूत्र होते. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या सरावाद्वारे त्यांनी आपला निष्कर्ष पुन्हा मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र तो गांभीर्याने घेतला नाही. लष्करप्रमुखपदासाठी थिमय्या यांनी थोरातांचे नाव सुचविले होते. तथापि मे १९६१ मध्ये पी. एन. थापर यांची नियुक्ती झाली आणि थोरात निवृत्त झाले. पुढील वर्षी नेफामध्ये भारताचा पराभव झाला.

ही योजना १९६२ पर्यंत पंतप्रधान नेहरूंच्या पाहण्यात आली नव्हती, असे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. आत्मचरित्र हे पश्चात्दृष्टीने लिहिलेले साधन असल्याने अभ्यासकाने ते सावधपणे वापरावयास हवे. तथापि मूळ योजना युद्धापूर्वी तीन वर्षे मांडलेली होती. त्यामुळे तिला घटनेनंतरचे शहाणपण म्हणता येत नाही.

नागरी जीवन :
१९६२ च्या युद्धकाळात स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थोरातांना घेण्यात आले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ज्या शासनव्यवस्थेने त्यांचा सल्ला डावलला, त्याच व्यवस्थेसाठी अधिकारी निवडण्याचे काम त्यांनी स्वीकारले, ही बाब महत्त्वाची आहे. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
१. कांगॉची लढाई ही भारतीय सैन्याच्या भारतीयीकरणातील महत्त्वाची घटना होती.
२. थोरातांनी मतभेद अधिकृत मार्गानेच मांडले. नागरी सत्तेची सर्वोच्चता त्यांनी कधीही नाकारली नाही.
३. नागरी सत्ता सर्वोच्च असावी, हे लोकशाहीत निर्विवाद आहे. परंतु तज्ज्ञांचे मत ऐकून घेण्याचे उत्तरदायित्वही त्याच सत्तेवर येते. १९६२ मध्ये त्याची किंमत सीमेवरील जवानांनी मोजली.