अर्जदाराचा व्यवसाय

लोट्याचं नाव काढलं की पुण्या-मुंबईची माणसं आधी गालातल्या गालात हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की कुठे हो?" खेड ओलांडलं की मुंबई-गोवा रस्त्यावर, परशुरामाचा घाट उतरून चिपळूण लागायच्या आधी, हे उत्तर मी आता झोपेतही देतो. नावाच्या उगमाबद्दल माझा स्वतःचा एक सिद्धांत आहे. शेजारच्या परशुरामाने बाण मारून समुद्र मागे लोटला, त्याअर्थी गाव 'लोटे'. इतिहासाचार्यांना हे पटणार नाही, पण आमच्या शाखेत येणाऱ्या कर्जदारांना नक्की पटेल. कारण परशुरामाने समुद्राला जेवढं लोटलं नसेल, तेवढं आम्ही त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर लोटतो.

मी तिथे कारकून आहे. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि चिकटलेला आहे. कर्जाचे अर्ज तपासून त्यावर टिपण लिहिणं हे माझं काम. सही साहेबांची, खर्डेघाशी माझी. फावल्या वेळात मी विनोदी लिहितो, ही गोष्ट शाखेत एखाद्या जुनाट आजारासारखी सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी तोंडावर काढत नाही.

त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तीन दिवसांपूर्वीच्या न जुळलेल्या कॅशची उत्तरं पाठ करत आत गेलो. साहेब म्हणाले, "आठ नोव्हेंबरला कॉलनीत पुलंच्या जयंतीचा कार्यक्रम आहे. तुम्ही बोला. दहा मिनिटं. त्यांचं करिअर सांगा, थोडक्यात. एका पानावर बसवा."

पु. ल. देशपांडे एका पानावर! अहो, समुद्र लोटता येतो, पण लोट्यात कसा भरायचा?

दोन रात्री मी कागद खराब केले. तिसऱ्या रात्री आमची ही म्हणाली, "अहो, तुम्हांला काय येतं ते करा. कर्जाचा फॉर्म भरा." ती रागाने म्हणाली होती. मी शब्दशः घेतलं. वीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच तिचं शब्दशः ऐकलं आणि फायदा झाला. दुसऱ्या दिवशी एक कोरा अर्ज घरी आणला आणि भरायला बसलो.

नाव : पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. जन्म : ८ नोव्हेंबर १९१९, मुंबई. बालपण जोगेश्वरी आणि पार्ले. इथवर लेखणी तुरुतुरु चालली. पुढचा रकाना आला 'व्यवसाय', आणि गाडी घाटात बंद पडली.

वाचकहो, या रकान्याला छापखान्याने दीड इंच जागा सोडलेली असते. माणसाने जन्मात दीड इंचापेक्षा जास्त काही करू नये, अशी बँकांची अपेक्षा असते. आणि हा अर्जदार? काही काळ सरकारी कचेरीत नोकरी. मग ओरिएंट हायस्कुलात मास्तरकी. मध्येच सिनेमा : १९४७ च्या 'कुबेर'मध्ये आणि १९४८ च्या 'वंदे मातरम्'मध्ये भूमिका. मग बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात आणि मुंबईच्या कीर्ती कॉलेजात प्राध्यापक. त्यातच १९५२ साली रशियन गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार' लिहून मोकळे. १९५३ साली तर कहर. 'देवबाप्पा' चित्रपटाला संगीत दिलं, त्यातलं माडगूळकरांचं मोराचं गाणं आजही बालवाडीत शिरताना प्रत्येक मराठी पोराला म्हणावंच लागतं. आणि त्याच साली 'गुळाचा गणपती' : कथा यांची, पटकथा यांची, संवाद यांचे, संगीत यांचं, दिग्दर्शन यांचं आणि पडद्यावरचा भोळा नायकही हेच. 'सबकुछ पु. ल.' हा शब्द तिथून रुळला. दुसरा कोणी असता तर पुढचे वीस सिनेमे त्याच गुळाचे केले असते. यांनी सिनेमाला जवळजवळ रामराम ठोकला.

आमच्या भाषेत याला 'व्यवसायात स्थैर्य नाही' असं म्हणतात. तसा शेरा मी पेन्सिलीने मारून ठेवला.

पुढचा रकाना : 'सध्याची नोकरी कायम आहे काय?' १९५५ साली अर्जदार आकाशवाणीत लागला. मला हायसं वाटलं. सरकारी नोकरी! आता माणूस मार्गाला लागला. १९५७ साली 'तुझे आहे तुजपाशी' रंगभूमीवर आलं, पण नोकरी सांभाळून नाटक लिहिणं आमच्या नियमांत बसतं. १९५८ साली त्यांना शिक्षणासाठी थेट लंडनला बी. बी. सी. कडे पाठवलं. तिथे जाऊन या गृहस्थांनी टेलिव्हिजनचे धडे घेतले, आणि परतल्यावर प्रवासाचं 'अपूर्वाई' लिहिलं. महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी विलायत पाहिली ती या पुस्तकाच्या पानांतून, एका पैशाचं परकीय चलन न खर्चता. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा त्या पहिल्या मंडळींत हे होते. पंडित नेहरूंची दूरदर्शनवरची पहिली मुलाखत घेण्याचा मान यांच्याकडे जातो. म्हणजे देशात टी. व्ही. ज्यांनी पाहिलाही नव्हता, अशा लोकांच्या देशात हा माणूस टी. व्ही. वर पंतप्रधानांसमोर बसला होता. आता सांगा, चिकटून राहिला असता तर कुठल्या पदावर निवृत्त झाला असता? बंगला, गाडी, पेन्शन!

पण नाही. ती नोकरीही सोडली. १९६१ साली 'बटाट्याची चाळ'चा प्रयोग घेऊन एकटा माणूस रंगमंचावर उभा राहिला. सोबत नट नाहीत, नटी नाही. चाळीतले सगळे भाडेकरू एकाच्याच अंगात. चाळिशीच्या उंबरठ्यावर पेन्शनीची नोकरी सोडून लोकांना हसवण्याच्या भरवशावर प्रपंच! माझ्यासमोर असा अर्जदार आला असता, तर मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून म्हणालो असतो, "घरी विचारलंत का?"

इथे मला एका इंग्रज गृहस्थांची आठवण झाली. पुलंचा लाडका विनोदकार पी. जी. वुडहाउस. हा १९०० साली लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत कारकून म्हणून लागला, आणि दोन वर्षांत बँक सोडून लेखनाला लागला. पुढे त्याची नव्वदाहून अधिक पुस्तकं झाली. बँकेचं नुकसान झालं नाही, साहित्याचा फायदा झाला. मी बँकेत वीस वर्षं टिकलो आहे, याचा अर्थ दोन्हीकडे काय झालं असेल तो वाचकांनी काढावा.

'जामीनदार' हा रकाना मात्र एका झटक्यात भरला. सुनीता ठाकूर, राहणार आमच्याच जिल्ह्याचं ठिकाण, रत्नागिरी. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली मुलगी. १२ जून १९४६ ला रत्नागिरीतच लग्न झालं, तेही नोंदणी पद्धतीने. म्हणजे मराठी विनोदाचा सर्वांत मोठा व्यवहार आमच्या रत्नागिरीत रजिस्टर झाला! या बाईंनी पुढे प्रयोगांचे हिशेब, तालमी, पुस्तकांची मुद्रितं सारं करड्या नजरेने सांभाळलं. नवरा लोकांना हसवत होता आणि बायको हसू ओसंडून वाया जाणार नाही हे पाहत होती. १९९० साली 'आहे मनोहर तरी' लिहून त्यांनी सहजीवनाचा ताळेबंदही मांडला, नफ्याबरोबर तोटाही दाखवला. असा जामीनदार मिळाला तर बँकेने तारण मागू नये.

रत्नागिरीकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली, ती म्हणजे अंतू बर्वा. 'व्यक्ती आणि वल्ली'तला हा म्हातारा आमच्याकडे आजही रोज पासबुक भरायला येतो. नाव वेगळं, तिरकसपणा तोच. या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि 'असा मी असामी' मधला धोंडो भिकाजी हा तर माझाच जातभाई, कारकून! माझ्यावर न विचारता लिहिलेलं ते एकमेव पुस्तक मला पूर्ण पटलेलं आहे.

शेवटचा रकाना : 'परतफेडीचे साधन'. मला वाटलं, इथे अर्जदार अडकणार. झालं उलटंच. प्रयोगांतून आलेला पैसा नवरा-बायकोने 'पु. ल. देशपांडे फाउंडेशन'मार्फत वाटत नेला. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्यामागे ही देणगी होती. आणखी एक परतफेड पैशाची नव्हती. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस गंभीर होऊन गावोगाव भाषणं देत फिरला. निवडणूक जिंकल्यावर लोक पदं मागायला रांगेत उभे राहिले, हे गृहस्थ लिहिण्याच्या टेबलाशी परत गेले. मी साध्या साहेबांवरही विनोद लिहितो तो त्यांची बदली झाल्यावर.

हा अर्ज मी असा भरत बसलो असताना, त्याच आठवड्यात खराखुरा एक अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्जदार लोट्याजवळच्या वाडीतला, तिशीच्या आतला. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटावर, तीन पाळ्यांत. शिमग्यात नमनात मृदंग. गणपतीत जाखडीत गातो. लग्नसराईत मंडपाची वायरिंग. त्याला स्पीकर, मिक्सर आणि माईक घ्यायला अडीच लाख हवे होते. 'व्यवसाय' रकान्यात त्याने आधी चार गोष्टी लिहिल्या होत्या, जागा पुरली नाही म्हणून खोडल्या होत्या, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'सर्व'.

एरवी मी अशा अर्जावर काय लिहितो ते मला पाठ आहे. 'अर्जदाराच्या व्यवसायात स्थैर्य दिसत नाही.' एवढं लिहिलं की कागद आपोआप मागे लोटला जातो आणि माझी वेळेत सुटका होते. पेन्सिल हातात घेतली. मग आठवलं, हाच शेरा तीन दिवसांपूर्वी घरी दुसऱ्या एका अर्जावर मारला होता.

मी त्याला म्हटलं, "मागच्या वर्षी कशातून किती आले, हिशेब आहे?" तो मान खाजवायला लागला. बाकावर बसलेली त्याची बायको उठली आणि पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. तारीखवार. कुठल्या वाडीचं नमन, कोणी किती दिले, कोणाचे यायचे आहेत, पेट्रोल किती. मी म्हटलं, "वहिनी, बरोबर लिहिलंय हो." त्यावर ती म्हणाली, "तां होयत. पण व्याज किती तां सांगा, दादा." इतका नेमका प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्येही कोणी विचारला नव्हता.

त्या दिवशी मी सव्वा पानाचं टिपण लिहिलं. साहेबांनी वाचलं, भुवया वर केल्या, म्हणाले, "हे तुमचं नेहमीचं नाही." मी म्हटलं, "नाही साहेब." त्यांनी बराच वेळ ती वही चाळली. शेवटी अडीचाचे दीड लाख झाले. आमच्यात पूर्ण रक्कम मंजूर झाली तर हेड ऑफिसला संशय येतो.

आठ नोव्हेंबरला मी बोललो. अर्ज वाचून दाखवला. दहाची वीस मिनिटं झाली. मधेच माईक घूं घूं करू लागला, तो शेवटच्या रांगेतून उठून आलेल्या एकाने दोन वायरी इकडच्या तिकडे करून सरळ केला. भाषणाच्या शेवटी मी शेवटची तारीख सांगितली : १२ जून २०००, पुणे. लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी अर्जदाराने खातं बंद केलं. जामीनदारबाई गेल्या त्या ७ नोव्हेंबर २००९ ला, त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक गप्प होते. मग कोणीतरी 'चाळी'तला एक किस्सा सांगायला सुरुवात केली आणि सगळे एकदम हसायला लागले. माझ्या भाषणाची आठवण त्यात वाहून गेली, ते योग्यच झालं.

मार्चमध्ये शिमगा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पोराची बायको हप्ता भरायला आली. तारखेच्या चार दिवस आधी. सगळ्या दहा-वीसच्या नोटा, नमनाच्या ताटातल्या, गुलाल लागलेल्या. मशीन त्या घेईना. मी हाताने मोजल्या. बरोबर निघाल्या. संध्याकाळी घरी गेलो तर ही म्हणाली, "अहो, बोटं लाल कशाने झाली?"

मी म्हटलं, "व्यवसायाने."